भागीचं तिकीट

मुंबईत फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्या कॉलेजच्या दिवसांत त्या आमच्या हक्काच्या होत्या. ही इमारत उभी करायला पहिले पैसे लॉटरीतून जमवले गेले, हे मला पुष्कळ नंतर वाचनातून समजलं. मुंबईचे तेव्हाचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये इथे लिटररी सोसायटी काढली आणि १८११ मध्ये शहराला एक भव्य टाऊन हॉल हवा असा विचार पुढे आला. कंपनी सरकारच्या तिजोरीतून एवढी रक्कम निघणार नव्हती, म्हणून लॉटरी काढली. ते पैसे पुरले नाहीत, पुन्हा काढली. तेही पुरेनात तेव्हा सरकारी कचेऱ्यांना जागा मिळावी या अटीवर सरकारने उरलेला खर्च उचलला, आणि १८३३ मध्ये टाऊन हॉल, म्हणजे आजची ही एशियाटिकची इमारत, पुरा झाला. कलकत्त्यात तर १८१७ मध्ये चक्क लॉटरी कमिटी नेमून रस्ते आणि तळी केली गेली. म्हणजे चिठ्ठ्या काढून पैसा उभा करायचा आणि त्यातून सगळ्यांच्या कामाची वस्तू करायची, ही गोष्ट आपल्या शहरांना दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

मला त्यापुढचा इतिहास सांगायचा आहे आणि तो लालबाग-परळचा, म्हणजे गिरणगावचा आहे. सरकारला मिळालेल्या पैशाचं सरकारने काय केलं हे दप्तरांत सापडतं. आठ माणसांनी मिळून काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागलं तेव्हा त्या आठांनी काय केलं, हे कुठल्या दप्तरात नाही. ते माझ्या वडिलांच्या लाल पुठ्ठ्याच्या वह्यांमध्ये होतं, आणि त्या वह्या मी पाहिलेल्या आहेत.

बाबा एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. बदलीवाल्याला पाळी मिळेल तेव्हा काम, नाहीतर गेटवरून परत. घर त्याच्यावर भागेना म्हणून त्यांनी भारतमाता सिनेमाच्या अलीकडे फुटपाथवर एक टेबल टाकलं आणि राज्य लॉटरीची तिकिटं विकायला घेतली. पुढे गिरणी सुटली, टेबल राहिलं.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. केरळने दोन वर्षं आधी वाट दाखवली होती: १ नोव्हेंबर १९६७ पासून तिथे रुपयाची तिकिटं विकायला लागली आणि २६ जानेवारी १९६८ च्या पहिल्या सोडतीत पन्नास हजारांचं बक्षीस होतं. मुंबईला मात्र स्वतःचं वेगळं कारण होतं. इथे गिरणगावात मटका मुरलेला होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर आकडा लावायची सवय जुनी, आणि १९६१ मध्ये ते भाव बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा फोडणं सुरू झालं. त्याआधी एक लाट शब्दकोड्यांची येऊन गेली होती. बंगळूरहून निघणारी, मुंबईत गठ्ठ्याने भरली जाणारी ती बक्षिसाची कोडी. त्यांच्यावर मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून कर बसवला आणि त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ मध्ये निकाल आला की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. तरी घटनेतच सरकारच्या स्वतःच्या लॉटरीला जागा आहे. तेव्हा लोक पैसे लावणारच असतील तर ते मटकेवाल्याऐवजी सरकारकडे यावेत आणि विकासाला लागावेत, हा १९६९ चा विचार. मला तो आजही अर्धाच पटतो. पण बाबांचं टेबल आणि आमची शाळेची फी त्यावर चालली, हेही खरंच आहे.

टेबलावर दोरीला चिमट्यांनी तिकिटांच्या माळा लटकत. पगाराच्या दिवशी भोंगा झाला की पहिल्या पाळीची माणसं थेट येत. एकट्याने घेणारे थोडे. बहुतेक खात्याखात्याने, खोलीखोलीने येत. आठवड्याला प्रत्येकी ठरलेली वर्गणी जमवून एकदम जास्त तिकिटं घ्यायची, म्हणजे लागायची शक्यता वाढते, हा त्यांचा हिशेब. याला ते भागीचं तिकीट म्हणत. ही रीत लॉटरीने शिकवली नव्हती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून आलेली ही माणसं गावकीच्या बैठकीच्या खोल्यांत राहत. एका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी. खोलीचं भाडं वाटून, दिव्याचा खर्च वाटून, गावच्या मंडळाची वर्गणी वाटून. शिवाय भिशी असायची, तिच्यात दर महिन्याला एकाच्या नावाची चिठ्ठी निघे आणि कोणाचंच बुडत नसे. एकमेकांत पैसा वाटून घ्यायचं शिक्षण त्यांना आधीच झालेलं होतं. लॉटरीचं तिकीट त्याच हिशेबात आणखी एक ओळ म्हणून आलं.

बाबांची वही इथे लागे. तिकीट एकाच्या खिशात राहणार, मागच्या बाजूला सही एकाची होणार, मग बाकीच्यांचा पुरावा काय? म्हणून बाबा प्रत्येक टोळीला एक पान देत. वर तिकिटांचे क्रमांक, सोडतीची तारीख, खाली नावं आणि नावापुढे रक्कम. रक्कम मिळाली की टिक. ज्याला सही येत नसे त्याचा अंगठा. विक्रेत्याला हे करायची काही सक्ती नव्हती, पण बाबांच्या मते हे केल्याशिवाय भागीचं तिकीट विकणं म्हणजे भांडण विकणं. काही पानांवर शेवटचं नाव माणसाचं नसे, तिथे नुसतं ‘मंडळ’ लिहिलेलं असे. त्या एका वाट्याचे पैसे सगळे मिळून भरत आणि लागलं तर तो वाटा गावच्या मंडळाला जाणार, हे सोडतीच्या आधीच ठरलेलं असे. लहानसहान बक्षिसं लागत, त्यांतून मंडळाने घेतलेली मोठी तांब्याची पातेली आणि सतरंज्या गावात कितीतरी लग्नांना वापरल्या गेल्या. आमच्या काकाच्या लग्नाचा भात त्यातल्याच एका पातेल्यात शिजला.

एका टोळीला मात्र मोठं लागलं. पहिलं बक्षीस नव्हतं, पण त्या काळी साचेवाल्याच्या काही वर्षांच्या पगाराएवढी रक्कम होती. साचाखात्यातले रात्रपाळीचे आठ जण. निकाल वर्तमानपत्रात आला, बाबांनी क्रमांक वहीशी ताडून पाहिला आणि टेबल तसंच सोडून ते खोलीवर गेले. मी तेव्हा शाळेत होते. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, म्हणून मला सगळं नीट आठवतं.

अडचण आठव्या नावाची होती. तो बदलीवाला. त्या महिन्यात त्याला पाळ्याच मिळाल्या नव्हत्या. त्याची वर्गणी खानावळवालीने भरली होती. ही बाई सातारकडची, नवरा गेलेला, दोन मुलं. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक माणसं जेवत आणि पगाराला पैसे देत. मधल्या दिवसांत कोणाला दवाखाना, कोणाला गावची मनीऑर्डर, सगळं तिच्या डब्यातून उधार निघे. तशीच ही वर्गणी निघाली होती. वहीत मात्र नाव बदलीवाल्याचं, टिक त्याच्या नावापुढे, कारण पैसे आणून दिले त्यानेच.

बक्षीस लागल्याचं कळलं तेव्हा बाई म्हणाली, “माझ्या पैशावर लागलंय, मला काही आहे का नाही?” बदलीवाला म्हणाला, “मावशी, उसने घेतलेले पैसे परत देतो, वर लुगडं घेतो.” बाकीचे सात गप्प, कारण त्यांचे वाटे सुरक्षित होते.

बैठकीच्या खोलीत रविवारी सभा बसली. गिरणीत मुकादमी करणारा गावचा वयस्क जॉबर, मंडळाचा सेक्रेटरी, आठ भागीदार आणि वही घेऊन बाबा. बाईला बोलावलं, पण ती दाराशी बसली, आत कोणी ये म्हटलं नाही. जॉबरने एकच विचारलं, वहीत कोणाचं नाव आहे? ज्याचं नाव त्याचा वाटा, असा निकाल झाला. त्यातून बाईची उधारी आणि खानावळीची थकबाकी आधी चुकती करायची, आणि बदलीवाल्याने तिला मानाचं लुगडं द्यायचं. ते सगळं त्याने दिलं, एक पैसा बाकी ठेवला नाही. आठ वाटे सरळ झाले, कोणी कोणाशी भांडलं नाही, आणि गिरणगावात पुष्कळ दिवस या वाटणीचं नाव निघे.

बाबांना तो निकाल बरोबर वाटत असे. मला वाटत नाही, आणि आयुष्यभर सहकारी बँकेत कर्जाच्या कागदांवर काम केल्यानंतर तर मुळीच नाही. उसने दिलेल्या पैशाचा मालक भागीदार होत नाही, हा नियम मला पाठ आहे. पण त्या बाईने उसने दिले होते की अर्धी भागी घेतली होती, हे देताना कोणी बोललंच नव्हतं. तिकीट फुकट गेलं असतं तर ते पैसे तिने कोणाच्या खात्यावर मांडले असते? तिच्या डब्यातल्या अशा कितीतरी उधाऱ्या कधीच परत आल्या नाहीत. तोटा तिचा आणि लाभ त्याचा, एवढंच त्या सभेने ठरवलं. वही खरी होती, पण वहीत अर्धीच गोष्ट होती. गिरणगावच्या खानावळवाल्या बायकांच्या उधारीवर सगळी गिरणी उभी होती हे मान्य व्हायला प्रेमाताई पुरवांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढावं लागलं. त्यांनी या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव कागदावर आलं.

सभेतच निकाल का लावला, कोर्टात का गेले नाहीत, असं कोणी विचारेल. त्यालाही इतिहास आहे. कराराच्या कायद्याचं ३०वं कलम पैजेचा करार रद्दबातल ठरवतं. देशात इतरत्र पैजेच्या अनुषंगाने झालेली भागीदारी मात्र त्यामुळे बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात सांगितलं. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा वेगळा कायदा आहे, आणि तो अशा अनुषंगिक करारांनाही रद्दबातल करतो. सरकारी लॉटरीच्या भागीला तो किती लागतो यावर वकील दोन्हीकडून बोलू शकतात. पण साचेवाल्याला वकील परवडत नव्हता आणि आठ जणांत एकाने खटला घातला असता तर खोलीतली खुंटीही गेली असती. त्यांचं कोर्ट म्हणजे ती बैठकीची खोली, आणि पुरावा म्हणजे फुटपाथवरच्या टेबलावरची वही.

मग कर आला. १९७२ पर्यंत लॉटरीचं बक्षीस अवचित मिळालेला पैसा म्हणून करमुक्त असे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने ते उत्पन्नात धरलं आणि मोठ्या बक्षिसाचा कर देतानाच कापून घ्यायला सुरुवात झाली. बँकेत असताना भागीच्या तिकिटांचा पेच मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दिसला. तिकीट एकाने भरलं, चेक एकाच्या नावाने आला, कर एकाच्या नावावर कापला गेला. मग त्याने सोबत्यांना पैसे वाटले की कागदावर ते दान दिसायचं. १९५८ पासून १९९८ पर्यंत देणग्यांवरही वेगळा कर होता, म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या माणसालाच जास्त भुर्दंड बसायचा. सोडतीच्या आधीची तारीख असलेला, सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद असला तर प्रत्येकाचा वाटा त्याच्या स्वतःच्या जिंकण्यातला धरा असं म्हणता येतं. नंतर बनवलेला कागद घेऊन येणारे पुष्कळ पाहिले. शाई ताजी आहे हे काउंटरवरूनही कळतं.

पैशाचं त्यांनी काय केलं? त्या आठांचं मला बाबांकडून कळत राहिलं. बहुतेकांनी आधी पठाणाचं आणि पेढीवरचं कर्ज फेडलं, गहाण दागिना सोडवला. तिघांनी गावी घरावरचं गवत काढून कौलं घातली. एकाने विहीर खणली आणि तिला पाणी लागलं. एकाने नोकरी सोडून दुकान काढलं आणि ते बुडालं. बदलीवाल्याने धाकट्या भावाला शिकवलं. बाकीचे सोमवारी रात्रपाळीला हजर झाले. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम गहाण सोडवण्याचं वाटतं, कारण बक्षीस एकदाच येतं आणि व्याज दर महिन्याला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार गेले आणि गिरण्या परत पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद होत गेली, कामगारांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीची रक्कम एकदम पडली. आयुष्यभराची मजुरी आणि ग्रॅच्युइटी त्यांना बक्षिसासारखी मिळाली. ती वाटायला बैठकीच्या खोलीतला जॉबर नव्हता, वही नव्हती. मुलगा रिक्षासाठी मागायचा, भाऊ गावच्या घरासाठी, आणि दामदुप्पट देणाऱ्या योजनेचा माणूस दारातच उभा असायचा. आमच्या शाखेत अशी खाती मी उघडली आणि वर्ष-दीड वर्षात ती रिकामी होताना पाहिली.

मग आली घरांची सोडत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून तो हिस्सा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, आणि पुष्कळ जमीन मॉल आणि टॉवरांखाली गेली. जी उरली तिच्यावर घरं बांधून २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली. घराची किंमत साडेसात लाख. ज्यांच्या आयुष्यात लॉटरी हा करमणुकीचा रुपया होता, त्यांचं राहतं छप्परच आता सोडतीवर आलं. गिरणीकामगाराला घर मिळायला नशीब लागावं, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. ते त्याच्या मजुरीचं देणं होतं.

आणि इथे तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. घर निघालं वडिलांच्या नावावर, वडील वारलेले. साडेसात लाख थोरल्या मुलाने कर्ज काढून भरले. घर कोणाचं? मुलगा म्हणतो, पैसे मी घातले. बहीण म्हणते, नशीब बाबांचं लागलं, बाबा माझेही होते. वारस म्हणून कागद करताना बहिणींच्या सह्या घाईघाईने घेतल्या गेल्या, आणि ताबा मिळाल्यावर घराची किंमत अनेक पटींनी वाढलेली पाहून त्याच बहिणी माझ्याकडे येऊन विचारत, सहीने आमचं काय गेलं? वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून मुलाच्या बरोबरीचा आहे. दाराशी बसवलेली ती खानावळवाली मला अशा वेळी आठवत असे.

जुलै २०२३ मध्ये केरळातून एक बातमी आली. मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगाडी नगरपालिकेत घरोघरी जाऊन कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या ११ बायकांनी वर्गणी काढून २५० रुपयांचं मान्सून बंपरचं एक तिकीट घेतलं आणि त्याला दहा कोटी लागले. नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये घातले होते. दोघींनी मिळून एक वाटा घेतला होता, साडेबारा-साडेबारा रुपयांचा, आणि लागलंच तर अर्धंअर्धं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. बक्षीस त्याच हिशेबात वाटलं गेलं आणि काम सोडणार नाही असंही त्या म्हणाल्या. लालबागच्या त्या सभेला जे सुचलं नाही ते या बायकांनी तिकीट घेतानाच केलं होतं.

म्हाडाकडे गिरणीकामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखांहून अधिक अर्ज आले, घरं त्याच्या एका लहानशा भागाला मिळाली. अजून वाट पाहणाऱ्या घरांना माझं सांगणं आहे. पुढची सोडत जाहीर होण्याआधी एका रविवारी सगळी भावंडं एकत्र बसा, बहिणींना आणि वहिनींना आत बोलावून बसवा. घर निघालं तर पैसे कोण भरणार, राहणार कोण, ज्याने भरले नाहीत त्याला काय आणि कधी मिळणार, आई असेल तर तिची खोली कोणती, हे कागदावर लिहा, तारीख घाला आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. उसने दिले असतील तर उसने लिहा, भागी असेल तर भागी लिहा. अर्जाच्या पावतीसोबत तो कागद ठेवा.